एकवीस नंबरची पालवी

मार्च उतरणीला लागला की ओसोये गावात रेझ्का पोनिक्वारच्या वाटेला कुणी जात नसे. एरवी बाई हसतमुख. कुणाचं बाळंतपण असो, कुणाची बटाटे काढणी असो, न बोलावता हजर. पण मार्चच्या शेवटापासून ते मेच्या मध्यापर्यंत तिच्या जिवाला चैन म्हणून नसे. चुलीवरचं आंबट कोबीचं सूप उतू जायचं आणि ती खिडकीबाहेर ढग बघत उभी असायची. ईस्टरच्या जेवणाला सगळं घर टेबलाशी बसलेलं, अक्रोड भरलेली गोड पोळीची गुंडाळी, पोतित्सा, कापायची तयारी चाललेली, आणि ही मधूनच उठून थर्मामीटर बघून यायची. तिचा नवरा फेलिक्स लाकूड कापायच्या गिरणीत कामाला होता. तो शेजाऱ्यांना सांगायचा, "आमच्याकडे सहा आठवडे कर्फ्यू असतो. हसायचं नाही, विचारायचं नाही, आणि जेवायला मिळालं तर नशीब समजायचं."

जंगलात बीचच्या झाडांना पालवी फुटायचे ते दिवस असत, आणि ती पालवी बघायची हीच रेझ्काची नोकरी होती.

तिचा जन्म लाकूडतोड्याच्या घरचा. पाच भावंडांतली ही चौथी. लहानपणी एका जागी बसायची नाही म्हणून आई पीठ मळताना तिला फडक्यानं टेबलाच्या पायाशी बांधून ठेवायची. मग ही टेबलच ओढत दारापर्यंत जायची. शाळेतल्या बाईंनी तिच्या प्रगतिपुस्तकात एकच ओळ लिहिली होती: "मुलगी हुशार आहे, पण तिच्या बाकाला मुंग्या लागल्यात." सतराव्या वर्षी ती वनखात्याच्या रोपवाटिकेत लागली. बिया पेरायच्या, तण काढायचं, रोपं उपटून जुड्या बांधायच्या. कंबर मोडणारं काम, पण उघड्यावरचं. त्यात ती रमली. फेलिक्सशी लग्न झालं, एक मुलगी झाली, ती शिकून राजधानीत गेली.

रेझ्का एकोणचाळीस वर्षांची असताना रोपवाटिकेच्या दारात एक ट्रक येऊन थांबला. त्यात बीचच्या रोपांच्या बत्तीस प्रकारच्या जुड्या होत्या. सगळा बीचच, जात एकच. पण बिया युरोपच्या बत्तीस जंगलांतून आणलेल्या. काही थेट वायव्येकडच्या समुद्राकाठच्या सपाटीवरून, काही पूर्वेकडच्या उंच डोंगरांतून, काही दक्षिणेकडच्या कोरड्या उतारांवरून. एकवीस नंबरची जुडी ओसोयेच्याच डोंगरातल्या बियांची होती. शहरातल्या शास्त्रज्ञांनी गावाच्या वर, जंगलातल्या एका खोलगट जागी कुंपण घालून ती सगळी रोपं ओळीनं लावली. त्यांचा प्रश्न साधा होता. माती एक, पाऊस एक, ऊन एक. मग कोण किती वाढतं, आणि कुणाला पालवी कधी फुटते?

हे बघायला गावातलं माणूस हवं होतं. आधी एका पुरुषाला नेमलं. दोन आठवड्यांनी तो वही घेऊन परत आला. "हे काम आहे की शिक्षा? एकेका कळीकडे टक लावून बघायचं, आणि दोन दिवसांनी परत तिच्याचकडे बघायचं!" मग रोपवाटिकेच्या साहेबांनी रेझ्काला बोलावलं. ही बाई तशीही बसून राहत नाही, तर डोंगर चढू दे, असा हिशेब.

काम असं होतं. आठवड्यातून दोनदा वर जायचं. प्रत्येक नंबरची तीस झाडं ठरलेली, म्हणजे सगळी मिळून हजाराला थोडी कमी. प्रत्येक झाडाची कळी बघून एक ते पाचमधला आकडा लिहायचा. कळी घट्ट मिटलेली असेल तर एक. फुगली तर दोन. हिरवं टोक दिसलं तर तीन. चुण्या पडलेलं, केसाळ, ओलसर पान घडीतून बाहेर येत असेल तर चार. पान पसरून सपाट झालं की पाच. मग शरद ऋतूत काठी लावून उंची मोजायची आणि फीत लावून खोडाचा घेर. रोपं गुडघ्याएवढी होती तेव्हा ती वाकून बघायची, पुढे मान वर करून, आणि पुढे पुढे दुर्बीण लावून.

वर्षं गेली तशी तिला त्या नंबरांची स्वभावासकट ओळख झाली. नऊ नंबर पूर्वेकडच्या डोंगरातला, उतावळा. चार उबदार दिवस मिळाले की हा हिरवागार. तीस नंबर समुद्राकाठचा, झोपाळू. सगळं रान हिरवं झालं तरी याच्या कळ्या तपकिरी आणि घट्ट, चामडं शिवायच्या सुईसारख्या. एकवीस मधल्या चालीचा. ना घाई, ना उशीर. एकवीसच्या ओळीत शिरली की रेझ्काचा आवाज बदलायचा. "काय रे बाबांनो, उठलात का?" असं ती मोठ्यानं विचारायची. तशी ती वर गेल्यावर सारखीच मोठ्यानं बोलायची किंवा गायची. वसंतात अस्वलं भुकेली फिरतात, त्यांना माणसाची चाहूल आधी लागलेली बरी. पण एकवीसशी ती बोलायची ते अस्वलासाठी नव्हे.

कुंपणाची पंधरा वर्षं झाली त्या हिवाळ्यात जंगलावर बर्फाळ पाऊस कोसळला. पडताक्षणी थेंब फांदीवर गोठायचा, आणि चार दिवस तो थांबला नाही. फांद्या मनगटाएवढ्या जाड काचेत अडकल्यासारख्या झाल्या. गावात बसून लोक ऐकत होते, वर कडाकड झाडं मोडत होती. बर्फ वितळल्यावर दिसलं की कुंपणातल्या कोवळ्या झाडांच्या नुसत्या फांद्या गेल्या होत्या, पण त्याच्या शेजारची थंडखळी नावाची मोठी खोलगट जागा जवळजवळ भुईसपाट झाली होती. ती जागा गावाच्या सामाईक जंगलातली. तिथं पडलेली लाकडं ओढून काढायलाच दोन वर्षं गेली. मग प्रश्न आला, आता तिथं लावायचं काय?

सामाईक जंगलाच्या सभेचा प्रमुख होता गाश्पेर, फेलिक्सचा धाकटा भाऊ, म्हणजे रेझ्काचा दीर. माणूस उमदा, पण बोलायला तिखट. जानेवारीत अग्निशमन दलाच्या खोलीत सभा भरली. गाश्पेरनं रेझ्काच्याच आकड्यांचा कागद वर धरला.

"बघा मंडळी, आमच्या वहिनींनी सतरा वर्षं डोंगर चढून हे लिहून ठेवलंय. नऊ नंबर सगळ्यांत उंच, सगळ्यांत सरळ. आपला एकवीस नंबर अकरावा. आता तुम्हीच सांगा, रोपं कुठल्या बियांची मागवायची?"

"उंची बघताय ते ठीक," रेझ्का उभी राहून म्हणाली. तिला सभेत बोलायची सवय नव्हती. हात कुठे ठेवावेत ते कळत नव्हतं. "पण नऊला पालवी कधी फुटते ते खालच्या रकान्यात लिहिलंय. आपल्यापेक्षा बारा दिवस आधी. थंडखळीत गार हवा साचते. एप्रिलात गोठलेलं पांढरं दव पडलं तर कोवळं पान जळणार."

"पडलं तर!" गाश्पेर म्हणाला. "सतरा वर्षांत किती वेळा पडलं?"

"पडलंय. पण कळ्या मिटलेल्या होत्या तेव्हा."

"म्हणजे पालवीवर एकदाही नाही. वहिनी, जो सकाळी लवकर उठतो त्याचं एका घोड्याइतकं काम जास्त होतं. नऊ नंबर लवकर उठतो म्हणून वाढतो. आणि आपला? फेलिक्ससारखा. सूर्य डोक्यावर आला की मग विचार करणार."

सगळे हसले. फेलिक्ससुद्धा हसला. रेझ्काचे कान तापले.

"एकदा पडू दे पांढरं," ती म्हणाली, "मग कळेल आपलं कोण आणि परकं कोण!"

"घ्या!" गाश्पेरनं टेबलावर थाप मारली. "वहिनी आता जंगलाचं वाईट चिंतायला लागल्या!"

परत हशा. निर्णय मेच्या मध्यावरच्या सभेवर गेला, कारण रोपवाटिकेला मागणी मेअखेरीस कळवायची होती. पण गाश्पेरचं ते वाक्य रेझ्काच्या मनातून जाईना. फेब्रुवारीभर ती ते स्वतःशी उलटसुलट करत राहिली. मी वाईट चिंतते का? नाही. मी फक्त म्हणते, जे होणार ते आता होऊ दे, नंतर नको. पण हे स्वतःला सांगता सांगता ती उठून काहीतरी घासायला घ्यायची.

त्या वर्षी मार्च विलक्षण उबदार गेला. एप्रिलच्या दहा तारखेला नऊ नंबर चारवर होता, चौदाला पाच. तो ओळीच्या ओळी हिरव्या करून उभा होता आणि बाकीचं कुंपण अजून राखाडी. रेझ्का आठवड्यातून दोनदाऐवजी रोज वर जायला लागली. फेलिक्स म्हणाला, "अगं, तू रोज गेलीस म्हणून पान काय लवकर फुटणार आहे?"

"मला लवकर नकोच आहे."

"मग काय हवंय?"

ती थर्मामीटर बघायला निघून गेली. रेडिओवर हवामान लागलं की ती सगळ्यांना गप्प करायची. तापमान उतरणार म्हटलं की ती आवाज मोठा करायची, आणि ते भीतीनं नव्हे. तिला ते ठाऊक होतं, म्हणून तर ती जास्त चिडचिड करत होती. रविवारी चर्चमध्ये गुडघे टेकले तेव्हा काय मागावं तेच तिला कळेना. पांढरं पडू नये म्हणून प्रार्थना करावी, तर खोटं. पडावं म्हणून करावी, तर पाप. ती नुसतीच हात जोडून शेजारणीच्या कोटाची बटणं मोजत राहिली.

एकवीस नंबर बावीस तारखेला चारवर आला. तीस तसाच, घट्ट एक.

पंचवीसच्या पहाटे फेलिक्स कोंबड्यांना दाणे घालायला बाहेर पडला आणि तसाच आत आला. "रेझ्का, पाण्याच्या भांड्यावर काच धरलीय," एवढंच तो म्हणाला.

ती बूट घालून केव्हा निघाली हे तिलाच कळलं नाही. उजाडलं होतं. गवत पायाखाली कुरकुरत होतं. नेहमी पाऊण तास लागणारी चढण तिनं अर्ध्या तासात पार केली, आणि खरं सांगायचं तर ती आनंदात होती. आता दाखवते, असं प्रत्येक श्वासाला म्हणत ती चढत होती. त्या दिवशी ती गायलीही नाही. अस्वल समोर आलं असतं तर त्यालाच बाजूला व्हावं लागलं असतं.

कुंपणातल्या खांबावरच्या थर्मामीटरनं उणे पाच दाखवलं. ती आधी नऊच्या ओळीत शिरली. पानांच्या कडांना पांढरी झालर होती. ऊन वर आलं, झालर वितळली, आणि कडा तपकिरी पडायला लागल्या. पण कडाच. मधलं पान तसंच हिरवं, ताठ. दहा दिवसांपासून ते उघडं होतं. तेवढ्यात ते जून आणि जाड झालं होतं. कुठे शेंड्याची चार पानं जळाली होती, कुठे अर्धी फांदी. झाड मात्र हिरवंच.

मग ती एकवीसकडे वळली. लांबूनच तिला दिसलं, पण तिनं पाय थांबवले नाहीत. तीन दिवसांपूर्वी घडीतून निघालेलं ते पातळ, लवदार पान प्रत्येक फांदीवर लोंबकळत होतं, उकळत्या पाण्यातून काढलेल्या पालकासारखं. दुपारपर्यंत ते काळं पडलं. एका झाडाचं नाही, दोनाचं नाही. ओळीच्या ओळी. हात लावला की पान बोटांना चिकटून येत होतं.

तीस नंबर झोपलाच होता. त्याच्या कळ्यांना काही पत्ताच नव्हता.

रेझ्का एका बुंध्याशी बसली. बऱ्याच वर्षांत ती त्या कुंपणात कधी बसली नव्हती. आपण जे मागत होतो ते मिळालं, आणि ते आपल्याच माणसांवर पडलं, असं काहीतरी तिच्या मनात आलं आणि तिला रडूही येईना. थोड्या वेळानं ती उठली. वहीत नव्या रकान्यात लिहायचं होतं: जळालेला भाग, दहापैकी किती. नऊ: दोन, तीन, दोन, एक. तीस: शून्य, शून्य, शून्य. एकवीसच्या पानावर आल्यावर तिनं पेन्सिलीला टोक केलं, मग परत केलं, आणि लिहायला लागली: नऊ, दहा, दहा, नऊ, दहा.

अकराव्या झाडाशी ती अडली. दुर्बीण लावली, काढली, काच पुसून परत लावली. पाचव्या ओळीतलं ते अकरावं झाड एकवीस नंबरचंच होतं, खांबावर पत्रा होता, शंकाच नव्हती. आजूबाजूची भावंडं काळी पडलेली, आणि याच्या कळ्या नुसत्या फुगलेल्या. मिटलेल्या. तिनं जुन्या वह्यांतली पानं आठवली. हे झाड दर वर्षी मागे असायचं. ती दर वर्षी लिहायची आणि पुढे जायची. आळशी म्हणून त्याला दोन शब्दही सुनावायची. तिनं शून्य लिहिलं. मग सबंध एकवीस नंबर नव्यानं पालथा घातला. तिसांपैकी तीन झाडं अशी निघाली.

घरी आल्यावर तिनं डॉक्टर निवेसला फोन लावला. निवेस ही शहरातल्या संशोधन संस्थेतली तरुण शास्त्रज्ञ. गेली चार वर्षं हा प्रयोग तिच्याकडे होता. त्या वसंतात ती नुकती बाळंत झाली होती, म्हणून येऊ शकत नव्हती. फोनमध्ये बाळ रडत होतं.

"काकू, आकडे पाठवाल ना?"

"पाठवते. पण पोरी, एक विचारू? एकाच जुडीतली भावंडं, मग त्यांच्यात एवढा फरक कसा?"

"काकू, तुम्ही किती भावंडं?"

"पाच."

"सगळी तुमच्यासारखी डोंगर चढतात?"

"आमचा थोरला तर खुर्चीतून उठत नाही."

"तसंच आहे. दोन जंगलांत फरक असतोच, पण एकाच जंगलातल्या झाडाझाडांत कधी कधी त्याहून जास्त असतो. आम्ही सरासरी काढतो ना, त्यात तो झाकला जातो." बाळ परत रडायला लागलं. "गावात सांगितलंत का, एकवीसचं काय झालं ते?"

"नाही अजून," रेझ्का म्हणाली.

सभेला अठरा दिवस होते. कुंपणाची किल्ली तिच्याकडे, आणि वर कुणी फिरकत नव्हतं. गावाजवळचे उतार वाचले होते. पांढरं खोलगट जागांतच साचलं होतं. त्यात बीच पुन्हा पालवतो. मेच्या शेवटी दुसरी, जरा विरळ पानं येतात, आणि जूनमध्ये कुणाला सांगितलं तरी खरं वाटत नाही. म्हणजे रेझ्का बोलली नसती तर कुणाला कळलंच नसतं. निवेसचा कागद गावात येईपर्यंत वर्ष गेलं असतं. "पांढरं पडलं आणि नऊची पानं जळाली" एवढंच सभेत म्हटलं असतं तर ते खोटंही नव्हतं.

त्या अठरा दिवसांत तिनं कोठीघर दोनदा आवरलं, परसात वाटाणे लावले, उपटून दुसरीकडे लावले. बर्फाच्या संतांचे दिवस, मेच्या मध्यातला तो शेवटचा गारठा, अजून जायचे आहेत, त्याआधी घेवडा लावू नये हे पोरालाही माहीत, हिनं लावला. फेलिक्सनं दोन आठवडे हे बघितलं. मग एका दुपारी कॉफी पिताना म्हणाला, "आता बोलतेस की परसबागच गिरणीत घालू?"

तिनं सांगितलं. सगळं. तिला पांढरं हवं होतं हेही.

फेलिक्सनं कप खाली ठेवला. "बरं. मग गाश्पेर हसेल. एवढंच ना? तो माझ्या लग्नात पण हसला होता."

"सगळं गाव हसेल."

"हसेल आणि घरी जाईल. तू मात्र त्या झाडांत पुढच्या वर्षी परत जाणार आहेस."

सभेच्या दिवशी खोली भरलेली होती. गाश्पेरनं विचारायच्या आतच ती उभी राहिली. "पंचवीस एप्रिलला थंडखळीशेजारी, कुंपणात, उणे पाच होतं," ती म्हणाली. "नऊ नंबर दहातले दोन भाग जळाला. आपला एकवीस... आपला नऊ भाग जळाला. जवळजवळ सगळा. मी जानेवारीत म्हणाले ते चुकलं."

कुणीतरी मागून शीळ घातली. गाश्पेर खुर्चीत मागे रेलला. त्याच्या चेहऱ्यावर हसू यायला लागलं होतं, पण ते पुरतं आलं नाही.

"वहिनी, हे तुम्ही कशाला सांगितलंत? मी तर वर जाऊन बघणारही नव्हतो."

"वहीत लिहिलंय म्हणून."

"मग नऊ नंबर मागवायचा, असंच ना?"

"तेही नाही. दहा दिवस आधी पडलं असतं तर त्याची हीच गत झाली असती. त्याचं नशीब होतं. नशीब म्हणजे बियाणं नव्हे." मग तिनं त्या तीन झाडांचं सांगितलं. खोलीत कुजबुज झाली. एक म्हातारा म्हणाला, तीन झाडांवर जंगल उभं राहत नसतं. दुसरा म्हणाला, वीस वर्षांची झाडं बी धरत नाहीत, त्यांचा उपयोग काय? रेझ्कानं वही मिटली. ती खाली बसली. बसली म्हणजे खुर्चीच्या कडेला टेकली.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाश्पेर दारात उभा, पायात जंगलातले बूट. "चला वहिनी, दाखवा तुमचे आळशी."

ती दोघं वर गेली. गाश्पेरनं काळी पडलेली एकवीसची ओळ बघितली, नऊच्या जळक्या कडा बोटानं चोळून बघितल्या. अकराव्या झाडाशी मात्र तो बराच वेळ उभा राहिला. त्याला एव्हाना स्वच्छ, नवी, हिरवी पालवी आली होती. मग तो एकाएकी म्हणाला, "थंडखळीच्या तळाशी तीन-चार म्हातारे बीच उभे आहेत अजून, आठवतं? वडील त्यांना 'उशिराचे' म्हणायचे. मी लहान असताना विचारलं होतं, ही झाडं मेली का? ते म्हणाले, मेली नाहीत, त्यांना खात्री झालेली नाही."

सतरा वर्षं रेझ्का कुंपणातल्या लहान झाडांकडे बघत होती. दोनशे पावलांवरच्या म्हाताऱ्या झाडांकडे तिनं पालवीसाठी कधी मान वर केली नव्हती. दोघं घाईघाईनं खाली उतरली. खळीच्या अगदी तळाशी, जिथं गार हवा सगळ्यांत जास्त साचते, तिथं चार नव्हे सात बीच उभे होते. बर्फानं फांद्या तोडलेले, वेडेवाकडे, लाकूड म्हणून कुणी हात लावणार नाही असे. त्यांची पालवी नुकती उघडत होती. एकही पान जळालेलं नव्हतं.

"यांना तोडायची खूण मीच केली होती," गाश्पेर हळूच म्हणाला. प्रत्येक खोडावर केशरी फुली होती.

त्या वर्षी थंडखळीत काहीच लावलं नाही. यावरून गावात भांडणं झाली. दोन कुटुंबं सामाईक जंगलातून नाव काढून घ्यायच्या गोष्टी करायला लागली. बीच दर वर्षी बी धरत नाही, आणि रेझ्का रोज त्या सात झाडांखाली जाऊन वर बघायची. पहिलं वर्ष रिकामं गेलं. दुसरं गेलं. गाश्पेर प्रत्येक सभेत शिव्या खाऊन यायचा आणि तिला सांगायचा, "वहिनी, तुमच्या म्हाताऱ्यांना जरा समजवा." तिसऱ्या शरदात ती झाडं लगडली. दोघांनी खाली जाळ्या अंथरल्या. अर्धं बी जंगलातल्या पोल्खांनी, त्या गुबगुबीत झाडउंदरांनी, फांदीवरच फस्त केलं. उरलेलं रेझ्कानं स्वतः जुन्या रोपवाटिकेत पेरलं.

नोकरीच्या शेवटच्या वर्षात, एकसष्टीत, तिनं ती रोपं थंडखळीत लावली. मधे मधे नऊ नंबरच्या डोंगरातल्या बियांची रोपं, हा गाश्पेरचा आग्रह, आणि तिनं तो मानला. सगळं एकाच नशिबावर सोडायचं नाही एवढं दोघांनाही पटलं होतं. रोपं कशी आली म्हणाल, तर काही आली, काही हरणांनी खाल्ली. नऊ नंबरची भराभर वर गेली आणि दुसऱ्याच वसंतात पांढऱ्यानं शेंडे जाळले, मग परत वर गेली. उशिराच्यांची मुलं हळू वाढतात, आणि तीही सगळी उशिराची निघाली नाहीत. काही बापावर गेली, काही कुणावर गेली कोण जाणे. कुंपणात आज सगळ्यांत उंच झाड नऊ नंबरचंच आहे. गाश्पेर ते दर सभेत आवर्जून सांगतो.

निवेसचा अहवाल छापून आला तेव्हा ती तो घेऊन स्वतः ओसोयेला आली, सहा वर्षांच्या लेकीला घेऊन. शेवटच्या पानावर आभारात रेझ्का पोनिक्वारचं नाव होतं. टेबलावर स्त्रुक्ली, सारण भरून उकडलेल्या गुंडाळ्या, वाफाळत होत्या. रेझ्कानं नाव वाचलं, मग पानं उलटून एकवीसचा तक्ता काढला, आणि पाचव्या ओळीतल्या अकराव्या झाडाचा आकडा बोट ठेवून शोधायला लागली. तिथं सरासरीच होती.

"हे झाड कुठाय यात?" तिनं विचारलं.

"मागे, काकू. दुसऱ्या तक्त्यात. या वेळी प्रत्येक झाड वेगळं दिलंय."

रेझ्कानं तो तक्ता शोधला, आकडा आपल्या वहीतल्या आकड्याशी ताडून बघितला, आणि मान हलवली. मग घड्याळाकडे बघत उठली. "तुम्ही जेवा. मी वर जाऊन येते. काल तीनवर होता तो अकरावा."

"अगं, आता तुझी नोकरी संपली!" फेलिक्स म्हणाला.

ती दाराशी बूट घालत होती. निवेसच्या लेकीनं खुर्चीवरून उडी मारली आणि आपलेही बूट शोधायला लागली.